एका वर्षाची मुदत

मी बाप्तिस्मा घेतला त्याच्या आठव्या दिवशी कल्याणात माझ्या थोरल्या भावाने माझे घटश्राद्ध घातले. जातीबाहेर गेलेला माणूस मेलाच असे धरून त्याच्या नावाने मडके फोडायचे आणि अंघोळ करून मोकळे व्हायचे, असा तो विधी. मी त्या वेळी ठाण्यात धडधाकट होतो आणि दुपारी दोन भाकऱ्या खाऊन बसलो होतो. एका मित्राने येऊन बातमी सांगितली तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "जुना मी मेलोच आहे, त्यांनी बरेच केले." चोवीस वर्षांचे वय आणि नवा धर्म, त्यामुळे अशी वाक्ये तोंडात तयारच असत. मित्र गेल्यावर मात्र मनात आले, मी मेलो तर मग गोदेचे काय?

गोदा माझी पत्नी. तेव्हा अठरा वर्षांची. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी तिचे वडील आले आणि तिला कल्याणातल्या माहेरी घेऊन गेले. मी अडवले नाही. तिला मी चोरून लिहावाचायला शिकवले होते, देवाविषयी तिच्याशी पुष्कळ बोललो होतो, तेव्हा ती महिन्याभरात आपण होऊन येईल अशी माझी खात्री होती. महिन्यामागून महिने गेले, पण ती आली नाही, निरोपही आला नाही. शेवटी आमच्या मिशनच्या पाद्रीसाहेबांनी सांगितले की अशा जोडप्यांसाठी सरकारने कायदा केला आहे. नवऱ्याने अर्ज करायचा, न्यायाधीशांनी बायकोला विचारायचे. ती नाही म्हणाली तर वर्षाची मुदत. मुदत संपताना दोघांना तासभर एकांतात बोलू द्यायचे आणि पुन्हा विचारायचे. तेव्हाही नाही म्हणाली तर लग्न मोडले. मला लग्न मोडायचे नव्हते, पण तिचे तोंड पाहायची दुसरी वाट उरली नव्हती, म्हणून मी अर्ज केला.

ठाण्याच्या कोर्टात निम्मे कल्याण लोटले होते. जज्जसाहेबांनी शिरस्तेदारामार्फत विचारले, नवऱ्याकडे जातेस का? गोदेने मान खाली घालून एवढेच म्हटले, "नाही." मागे कोणीतरी खाकरले, कोणी हसले. मी माजिवड्याच्या वाटेवरच्या माझ्या खोलीपर्यंत कसा आलो ते मला आजही आठवत नाही.

ती खोली पास्कूबाय नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या वाडीत होती. बाई जुन्या किरिस्तावांपैकी, पोर्तुगीज काळापासून पिढ्यान् पिढ्यांची कॅथलिक, भाजी पिकवून विकणारी. तिच्या घरात मरियाबाईची मूर्ती, मूर्तीपुढे मेणबत्त्या, हातात जपमाळ. मी मूर्तिपूजा सोडून नुकताच आलेला, त्यामुळे ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड होई. एकदा मी तिला अर्धा तास सुनावले की हा खरा ख्रिस्ती धर्म नव्हे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "जेवलास का रं?" मला तो तिचा अडाणीपणा वाटला. आज लिहितानाही त्या गोष्टीची लाज वाटते.

मुदतीच्या वर्षात मी गोदेला दर महिन्याला पत्र लिहिले. सासरे मानी गृहस्थ होते, पण सरळ. तिच्या नावाचे पत्र न फोडता तिच्या हाती देत, हे मला ठाऊक होते. ती पत्रे काय वर्णावी! पाप, प्रायश्चित्त, तारण, मूर्तिपूजेचे खंडन, सगळे मुद्देसूद. एका पत्राला तर मी अनुक्रमणिका जोडली होती. उत्तर एकाचेही आले नाही. दर वेळी मी गुडघे टेकून म्हणे, "प्रभू, तिचे डोळे उघड." माझे उघडावेत असे मात्र कधी सुचले नाही.

अकरावे पत्र गेले आणि मुदत सरायला दीडेक महिना उरला असताना मला विषमज्वराने गाठले. पाद्रीसाहेब दौऱ्यावर होते, मी शिकवत होतो त्या मिशनच्या शाळेतले सोबती एकदोनदा डोकावून गेले. मी तापात पडून आढ्याकडे बघत राही. खरे ते कबूल केले पाहिजे. एके दुपारी मी देवाला उघड म्हणालो, "तुझ्यासाठी मी आई सोडली, भाऊ सोडले, बायको गेली, आता जीवही जातो आहे. तू आहेस तरी का?" उत्तर आले नाही, आणि मी मनाशी पक्के केले की अंगात ताकद आली की कल्याणला जायचे, प्रायश्चित्त घ्यायचे, भावाच्या पाया पडायचे आणि गोदेला घरी आणायचे. हा ठरावच मला त्या दिवसांत आधार वाटत होता.

पास्कूबाय रोज पेज घेऊन येई, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवी, माझे कपडे धुई. मध्येच दोन दिवस ती दिसली नाही. तिची लेक कल्याणला दिली होती, जावई रेल्वेत होता, तेव्हा तिकडे गेली असेल असे वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली, टोपली दारात ठेवली आणि माझ्या उशाशी बसली.

"तुज्या सासऱ्याच्या परसदारी गेलेली भाजी घेऊन," ती म्हणाली. "पोरीला बगितलं. कपालावर कुकू हाय अजून. शेजारच्या बाया म्हनतात पूस, ती पुसत नाय. बापानं पन सांगितलंय, तिला कोनी हात लावायचा नाय."

मी उठून बसलो. "तुला कोणी सांगितले जायला?"

"कोनी सांगायला कशाला पायजे? तू तापात तिचंच नाव घेतोस. मी तिला बोलली, तुजा घो लय आजारी हाय. ती आत गेली, हे घेऊन आली. बोलली काय नाय."

तिने कनवटीची एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. पुडीत मेतकूट होते. आमच्याकडे आजारातून उठणाऱ्याला मऊ भाताबरोबर देतात ते. पास्कूबायने भात शिजवला, मी पहिला घास तोंडात घातला आणि ओक्साबोक्शी रडलो. ज्या बाईला मी खरी ख्रिस्ती मानत नव्हतो, तिला देवाने पाठवले होते. आणि ज्या बायकोला मी अकरा पत्रांतून ज्ञान शिकवत होतो, तिने एका पुडीत मला सारे कळवले होते. कल्याणला परतायचा माझा बेत तिथेच गळून पडला. मी डोळे मिटून म्हणालो, "बापा, गोदा तुझी आहे. ती हो म्हणो की नाही म्हणो, मी तुझाच. आता तू करशील ते." त्याआधी मी शेकडो प्रार्थना केल्या होत्या, पण त्या सगळ्या देवाला हुकूम सोडल्यासारख्या होत्या. त्या दिवशी प्रथमच मी त्याच्या हाती काही सोपवले, आणि मला फार हलके वाटले.

त्यानंतर मी तिला पत्र लिहिले नाही. मुदतीचा दिवस आला. पाद्रीसाहेबांनी एका तासात काय काय बोलायचे त्याचा कागद करून दिला होता. कोर्टाच्या बाजूच्या खोलीत गोदा खिडकीशी उभी होती, वाळलेली, डोळे खोल गेलेले. कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, "तू बरी आहेस ना?"

ती म्हणाली, "अकरा पत्रं आली. सगळी वाचली. हे एकदाही विचारलं गेलं नव्हतं."

तिची नजर माझ्या हातावर गेली. तव्याचे चटके बसून बोटांवर डाग पडले होते.

"इकडून भाकरी भाजली जाते वाटतं?" तिने विचारले, आणि पदराआड हसली. दीड-दोन वर्षांत ऐकलेले ते पहिले हसू. मग गंभीर होऊन म्हणाली, "मला बाटावं लागेल का?"

"नाही," मी म्हणालो. "तू तुझ्या तुळशीला पाणी घाल. मी तुला काही सांगणार नाही. देवाला तुझ्याशी बोलायचे असेल तर तो बोलेल, त्याला माझी गरज नाही."

तास संपला, शिपाई बोलवायला आला आणि ती उत्तर न देताच पुढे निघून गेली.

कोर्ट पुन्हा भरले होते. तोच प्रश्न आला. माझे मन आश्चर्य वाटावे इतके शांत होते. गोदेने मान वर केली, थेट जज्जसाहेबांकडे पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नांदायला जाते म्हणून सांगा साहेबांना."

एकच गलका झाला. शिरस्तेदाराला ते वाक्य इंग्रजीत सांगायला दोनदा सुरुवात करावी लागली. माझ्या छातीत आनंद असा उसळला की मी भर कोर्टात मोठ्याने "प्रभूची स्तुती असो!" म्हणालो, आणि शिपायाने मला दटावले. दटावू दे! त्या क्षणी मला साऱ्या ठाण्यावर माझे राज्य आहे असे वाटत होते.

बाहेर आलो तर सासरे बैलगाडीपाशी उभे होते आणि गाडीत गोदेची पेटी होती. ती थबकली. तिने आपला विचार कोणालाच सांगितला नव्हता, मग पेटी भरली कोणी? सासऱ्यांनी तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "जावईबापू, पेटी जड आहे. तुम्ही नुकते तापातून उठलात. गाडी घरापर्यंत नेऊ द्या." एवढे बोलून ते पायीच स्टेशनाकडे निघाले. मी रस्त्यातच त्यांच्या पाठीला वाकून नमस्कार केला.

त्यानंतर आम्ही पुष्कळ पाहिले. एक मूल गेले, प्लेगात घर सोडून माळावर झोपडीत राहिलो, चांगले दिवसही भरपूर आले. दर वेळी मला धडपडून सगळे आपल्या हाताने ओढून आणावेसे वाटते, आणि दर वेळी देव मला थांबवतो. मी खेचत होतो तोवर काही आले नाही. हात सोडला तेव्हा त्याने माझ्या योग्यतेहून अधिक दिले.

त्या संध्याकाळी गोदेने चुलीतली राख बघून कपाळाला हात लावला, पदर खोचला आणि स्वयंपाक केला. मी आग्रह केला म्हणून ती पहिल्यांदाच माझ्यासमोर पान घेऊन बसली. मी डोळे मिटले. आभार मानायला शब्द सापडेनात, त्यामुळे बराच वेळ गेला. डोळे उघडले तर भात निवला होता. तिने प्रार्थना केली नव्हती, पण घासही उचलला नव्हता.

"झालं?" तिने विचारले.

"झालं," मी म्हणालो, आणि आम्ही जेवलो.