श्री. एवं आणि श्री. साथी

संस्था म्हटली की कार्यवृत्त आलंच. सभा कधी झाली, कोण हजर होतं, काय ठरलं. आमच्या महासंघाचं कार्यवृत्त मीच लिहितो आणि अनुभवाने सांगतो, सभेत जे खरोखर घडतं त्यातलं निम्मंसुद्धा त्यात लिहिता येत नाही. मग उरलेलं जातं कुठे? माझ्या डोक्यात! तिथे आता पाय ठेवायला जागा नाही, म्हणून आज थोडी आवराआवर करतो.

आधी ओळख. मी श्रीकांत. शाळेत गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात तबला वाजवतो. घरचे म्हणतात, उलट आहे. आमचा महासंघ म्हणजे देशभरच्या साथीदारांची संघटना. तबला, हार्मोनियम, सारंगी, तानपुरा, मृदंगम, गायकाच्या मागे आणि बाजूला जे जे कोणी बसतात ते सगळे आमचे. नियम असा, की अध्यक्ष ज्या गावचे, मुख्यालय त्या गावात. सध्या अध्यक्ष आहेत शोभाताई ढवळे. त्यामुळे देशाचं मुख्यालय जबलपुरात, गढा भागात, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत!

शोभाताई खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत तपासणी विभागात होत्या. दिवसभर माल पास-नापास करायचा आणि संध्याकाळी तानपुरा घेऊन गायकांच्या मागे बसायचं, असा त्यांचा जन्म गेला. त्यांचं मागणं एकच: जो वाजवतो त्याचं नाव लिहा. पत्रिकेवर लिहा आणि गाणी ऐकायच्या ॲपवरही लिहा. रेकॉर्ड कंपन्या, ॲपवाले आणि नामवंत गायक यांची देशपातळीवरची एक समिती आहे, तिच्यावर साथीदारांच्या वतीने ताई बसतात.

मागणं सगळ्यांसाठी होतं, पण ताईंच्या मनात एक माणूस होता. आमचे मास्टर. गजाननराव पिंपळखुटे, हार्मोनियम. आयुष्यभर वाजवलं, कॅसेटी निघाल्या, घरोघरी वाजल्या, पण नाव कुठेही नाही. मास्टर आता पंच्याहत्तरीला टेकलेले. "बाकीच्यांचं होत राहील रे श्रीकांत," ताई म्हणायच्या, "पण मास्टरांचं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे."

०००

समितीची पहिली ऑनलाइन सभा. आम्ही मुख्यालयातच लॅपटॉप मांडला. खाली गिरणी चालू, म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या. मुंबईचे एक फार मोठे गायक त्या सभेत होते. सुरुवातीला ते बराच वेळ डोळे मिटून ऐकत बसले आणि मग म्हणाले, "वा शोभाताई! सभेला तानपुरा लावून बसलात! सूर काळी चार ना? काय सुरेल लागलाय!"

ताईंनी जराही न ओशाळता सांगितलं, "गहू दळून राहिले खाली. आता चण्याची डाळ घालतील, मग थोडा उतरेल."

आणि उतरला! तेव्हापासून ते गायक प्रत्येक सभेत नमस्कार झाला की आधी विचारतात, "आज काय दळताय?"

०००

आमच्याकडे कार्यक्रमाच्या पत्रिकेवर गायकाचं नाव असतं आणि पुढे दोन शब्द, 'एवं साथी'. म्हणजे अमुक अमुक आणि मंडळी. त्या मंडळींत आम्ही सगळे आलो.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर भजनांचा कार्यक्रम ठरला. गायक रमाकांतजी, साथीला मास्टर आणि मी. ताईंनी आयोजक तिवारीजींना आधीच गाठलं. "भैया, ये साथी कौन हैं?"

"अब दीदी, जो साथ में आ जाएँ वही साथी!"

ताईंनी त्यांच्या हातात एक फॉर्म ठेवला. त्यात तीन खाने: गायन, तबला, हार्मोनियम. "हर खाने में एक नाम। बस, इतना ही काम है।" तिवारीजी म्हणाले, "बिलकुल दीदी, हो जाएगा," आणि फॉर्म आपल्या माणसाला दिला. त्या माणसापाशी जुनी पत्रिका होती आणि तीवर एकच ओळ, 'रमाकांत एवं साथी'. खाने तीन आणि शब्दही तीन! त्याने एकेका खान्यात एकेक शब्द लिहून टाकला.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदकाने माईक हातात घेतला. "गायन, श्री रमाकांत जी! तबले पर संगत कर रहे हैं श्री एवं जी! और हारमोनियम पर हैं श्री साथी जी! ज़ोरदार तालियाँ!"

घाटावर टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनी कपाळाला हात लावला. मला हसावं की रडावं कळेना. आणि मास्टर? ते उभे राहिले आणि त्यांनी चारी बाजूंना वाकून नमस्कार केला!

नंतर मी विचारलं, "मास्टर, तुम्ही काहून उठले?"

"अरे बाप्पा," मास्टर म्हणाले, "नाव चुकलं असंल, टाळ्या तर आपल्याच होत्या ना!"

त्या दिवसापासून मी 'एवं' झालो तो झालोच. भाजीवालासुद्धा हाक मारतो, "एवं जी, भिंडी ताज़ी है!"

०००

राष्ट्रीय संघटना म्हटली की राष्ट्रभरचे फोन येतात. एकदा दक्षिणेतल्या एका मृदंगम वादकांचा फोन आला. त्यांना हिंदी येईना, आम्हाला तमिळ येईना. इंग्रजी दोन्हीकडे सारखीच लंगडी! गृहस्थ मात्र तळमळून बोलत होते. शेवटी वैतागून त्यांनी तोंडाने बोलच म्हणायला सुरुवात केली. मीही इकडून तबल्याचे बोल म्हणून उत्तर दिलं. पाच-सात मिनिटं आमचं छान जुंपलं. तिकडून हसू ऐकू आलं, मग फोन बंद झाला.

ताई काळजीने समोर बसलेल्या. "काय तक्रार होती रे?"

"ते नाही कळलं ताई. पण समेवर आली."

दोन दिवसांनी त्यांच्या मुलाने इंग्रजीत पत्र पाठवलं. तक्रार पत्रिकेवरच्या नावाचीच होती! आणि खाली लिहिलं होतं, वडील बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने हसले, आभारी आहे. ताईंनी ते पत्र मुख्यालयाच्या भिंतीवर चिकटवलं. पिठाने ते आता पांढरं झालंय, पण आहे.

०००

समितीत खरी लढाई झाली ती जागेवरून. एका ॲपचे अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, "मैडम, हमारी तरफ़ से ना नहीं है। लेकिन मोबाइल की स्क्रीन छोटी होती है। चार-चार नाम कहाँ बैठेंगे?"

ताईंनी चष्मा काढून पुसला. त्या चष्मा पुसायला लागल्या की मी पेन बंद करून ठेवतो.

"साहब, हमारी फ़ैक्टरी में उँगली जितना पुर्ज़ा आता था। उस पर नंबर रहता था और जाँचने वाले का ठप्पा भी। उस पर मेरा ठप्पा बैठ गया, और आपकी स्क्रीन पर चार आदमी नहीं बैठेंगे?"

"हम देखते हैं, मैडम।"

"देखिए मत, लिखिए। मैं लाइन पर हूँ।"

आणि ताई खरंच लाइनवर बसून राहिल्या! देशभरचे मोठमोठे लोक आपापल्या चौकटीत गप्प बसलेले आणि मागे आमची गिरणी तेवढी गात होती. शेवटी ते मुंबईचे गायकच म्हणाले, "लिहा हो. माझं नाव जरा बारीक करा, पण त्यांची लिहा." मोठ्या गायकाने स्वतःचं नाव बारीक करायला सांगितलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

ठराव मंजूर झाला. नव्या गाण्यांवर सगळ्यांची नावं, आणि जुन्या गाण्यांवर पुरावा मिळेल तशी. कार्यवृत्तात मी एवढंच लिहिलं, 'चर्चेअंती जागा झाली.'

०००

पुरावा! इथेच गाडं अडलं.

मास्टरांनी साथ केलेली रमाकांतजींची भजनं पूर्वी कॅसेटवर होती, आता ॲपवर आली होती. रमाकांतजींनी आनंदाने लिहून दिलं, हार्मोनियम गजाननरावांचीच. पण कंपनी म्हणे, आणखी काहीतरी हवं. तबला वाजवणारे तर आता हयात नाहीत. स्टुडिओ बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान झालेलं. कंपनीबरोबरच्या ऑनलाइन सभेला मास्टरांनाही मुख्यालयात बोलावलं होतं, ते खाली मान घालून बसले होते. ताईंनी विचारलं, "मास्टर, काही तरी आठवा ना. फोटो, चिठ्ठी, काही?"

मास्टर पुटपुटले, "खोकला आहे."

"औषध देऊ?"

"आता नाही हो, त्याच्यात आहे. तिसऱ्या भजनात, दुसरा अंतरा संपला की. दाबला होता मी, पण आलाच."

कंपनीच्या ध्वनी-अभियंत्याने लगेच ते भजन लावलं. दुसरा अंतरा संपला, पेटीचा एक सुंदर तुकडा आला, आणि त्याच्या शेवटी अगदी हलकेच, खुक्! मी ते भजन शेकडो वेळा ऐकलंय, मला कधी कळलं नव्हतं. अभियंता म्हणाला, "सर, एक बार खाँसेंगे?"

मास्टर लाजत लाजत खोकले. अभियंत्याने दोन्ही खोकले पाठोपाठ लावले. पुन्हा लावले. मग हसून म्हणाला, "अरे, सुर भी वही है! पास!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंचे डोळे भरून आले. मास्टर मात्र हात जोडून त्या अभियंत्याला म्हणाले, "भैया, नाम का तो ठीक है। पर वो खाँसी मिट सकती है क्या? इतने बरस से शरम आ रही है।"

"खबरदार!" ताई लॅपटॉपवर ओरडल्या. "पुरावा आहे तो!"

०००

नाव ॲपवर चढलं त्या आठवड्यातच मास्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांदेखत व्हावं म्हणून ताईंनी इतकी धावपळ केली, आणि ऐन वेळी डोळ्यांवर काळा चष्मा! मोबाइल बघायला डॉक्टरांची सक्त मनाई.

आम्ही दुपारी त्यांच्या घरी गेलो. मास्टर खाटेवर बसलेले, शेजारी पेटी. मालतीकाकूंनी पोहे केले होते. त्या मास्टरांच्या पत्नी, त्यांचं सगळं पथ्यपाणी त्यांच्याच हाती. काकू जुन्या वळणाच्या. लग्नात उखाणा घेतला असेल तेवढाच, त्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. दवाखान्यात नर्सने पेशंटचं नाव विचारलं तर काकूंनी पर्समधून आधार कार्ड काढून तिच्यापुढे धरलं होतं!

मी मोबाइलवर ते पान उघडलं आणि वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईंनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"वहिनी, तुम्ही वाचा."

"मी? माझा चष्मा..."

"नाकावरच आहे."

काकूंनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. नावं हिंदीत होती, स्पष्ट. "गायन," त्यांनी वाचलं आणि रमाकांतजींचं नाव घेतलं. "तबला," म्हणून त्या गेलेल्या वादकांचं नाव घेतलं. "हार्मोनियम..."

आणि थांबल्या. मास्टर काळ्या चष्म्यातून समोर बघत ताठ बसले होते. मोबाइलची स्क्रीन विझली. ताईंनी पुढे होऊन बोट लावलं, पुन्हा उजेड आला. काकूंनी पदर डोक्यावर घेतला.

"हार्मोनियम. गजानन विष्णू पिंपळखुटे."

मास्टर म्हणाले, "काय म्हटलं तू? ऐकू नाही आलं."

"ऑपरेशन डोळ्याचं झालं," काकू म्हणाल्या, "कानाचं नाही."

"तरी वाच ना एकदा."

काकूंनी आमच्याकडे पाहिलं, मग मोबाइल खाली ठेवून दिला.

"हार्मोनियम," त्या म्हणाल्या, "श्रीयुत गजानन विष्णू पिंपळखुटे."