काठावरची निळी घरं

दुपारी तीनच्या सुमाराला नगरजवळच्या सुप्यातल्या आमच्या घरात वारा येतो. डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरायला लागल्या की थोड्याच वेळात खिडकीचा पडदा फुगतो आणि आईच्या मशीनजवळ पडलेले ब्लाउजपीस उडायला बघतात. आई मान वर न करता त्यांच्यावर कातर ठेवते. ती लोकांचे ब्लाउज आणि परकर शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. मशीनची टकटक आणि तो फुगलेला पडदा, माझं लहानपण आठवलं की एवढंच आठवतं. मला तो पडदा कुणाचा तरी घागरा वाटायचा. आत बाई नसलेला.

म्हणूनच असेल, अकरावीत मोबाईलवर पहिल्यांदा तसे कपडे पाहिले तेव्हा ते मला परके वाटले नाहीत. जपानमधल्या मुली घालतात. गुडघ्यापर्यंतचा, घंटेसारखा फुगलेला घेर, आत जाळीचा परकर, गळ्यापर्यंत बंद ब्लाउज, लेस, पायमोजे, केसांत मोठा बो. त्याला लोलिता फॅशन म्हणतात. त्या नावाच्या एका बदनाम कादंबरीमुळे लोकांचा गैरसमज होतो, पण त्यात अंग दाखवायचं नसतं, कपड्यात शिरून बसायचं असतं. मला तेच आवडलं. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटायचा नाही. घेर म्हणजे आपल्याभोवतीचं थोडंसं अंगण, त्यात न विचारता कुणी पाऊल टाकत नाही.

पहिला स्कर्ट मी जुन्या चादरीचा शिवला. कॉलेजातून नगरहून लवकर आले आणि आई बाजारात गेलेली असली की तिच्या मशीनवर बसायचे. तो घालून कपाटाच्या आरशासमोर उभी राहायचे, दाराला कडी लावून. गोल फिरले की चादरीवरची फिकट फुलं एकमेकांत मिसळायची आणि खोली लांब कुठेतरी गेल्यासारखी वाटायची. आईला कळलं असणार. एकदा भाजी निवडता निवडता ती एवढंच म्हणाली, "कमरेची शिलाई वाकडी हाय. दोरा सैल सोडलाय तू."

पुण्यात असे कपडे घरी शिवणाऱ्या तीन मुली आहेत. त्यांची माझी ओळख मोबाईलवरचीच. महिन्यातल्या एखाद्या रविवारी त्या बागेत डबे घेऊन भेटतात. मला त्यांनी तीनदा बोलावलं आणि मी तीनदा टाळलं: एकदा ताप, एकदा परीक्षा, एकदा पाहुणे. ताप खोटा होता. पाहुणेही. चौथ्यांदा मात्र मी 'येते' असं लिहून टाकलं, कारण मनात भरलेलं एक कापड शेवटी माझ्याकडे आलं होतं.

कित्येक महिने मी ते नुसतं बघून ठेवलं होतं. सायीच्या रंगाचं सुती कापड, पन्हा कमी, जेमतेम कमरेपासून गुडघ्यापर्यंत पुरेल एवढा. त्याच्या एका काठावर फिकट निळ्या घरांची रांग छापलेली. उतरती छपरं, मध्ये एखादं झाड, छपरावर एखादा पक्षी. सगळं कापड तसंच आडवं, सरळ ठेवून वर चुण्या घालायच्या, म्हणजे गुडघ्याभोवती एक अख्खं गाव फिरतं. मी ते रोज रात्री डोळे मिटून शिवायचे. रविवार सहा दिवसांवर आला तेव्हा आईला घडी दाखवली आणि म्हटलं, "याचा स्कर्ट शिवायचाय."

एवढंच म्हटलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. आवडलेलं, हवं असलेलं सगळं माझ्या मनात इंग्रजीतच साठत गेलं. आईशी बोलायची मराठी जेवण, बस आणि अभ्यास यांच्यापुरती राहिली. घंटेसारखा घेर हवा, घरं सलग दिसायला हवीत, हे काही मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर आई हसत होती. मशीनवर सायीच्या रंगाचे सहा तुकडे नीट रचून ठेवलेले. वर अरुंद, खाली रुंद. परकराच्या कळ्या.

"तुझं काम हलकं केलं," ती म्हणाली. "चुण्या घातल्या की कमरेला गोळा व्हतो, जाड दिसती बाई. कळ्या कशा अंगाला बसत्यात. आन् बघ, चिंधी सुदिक वाया न्हाई गेली."

चिंधी वाया गेली नव्हती हे खरंच. परकर बेतताना आई एक कळी सुलटी आणि तिच्या शेजारची उलटी अशी कापते, म्हणजे एकीचा तिरका काठ दुसरीला लागून बसतो. हजारो परकर तिने असेच कापले असतील. पण या कापडाला घरांचा काठ एकाच बाजूला होता. त्यामुळे तीन कळ्यांत घरं खाली, गुडघ्याशी आली होती. उरलेल्या तीन कळ्यांत ती वर, कमरेशी गेली होती आणि उलटी लटकत होती. छपरं खाली, पाया वर. पक्षी पाठीवर पडलेले.

मी ते तुकडे बघत उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आतून काहीतरी सैल झालं. आता जायला नको. या वेळी कारण खरं आहे. मी मोबाईल काढला आणि लिहायला लागले की स्कर्ट बिघडला, पुढच्या वेळी नक्की.

"काय झालं गं?" आईने विचारलं. तिचं हसू गेलं होतं.

"काही नाही. छान आहे."

"छान हाय तर तोंड का पाडलं?" ती एक कळी उचलून उजेडात धरून बघत राहिली. मग दुसरी उचलली. दोन्ही एकमेकींशेजारी धरल्या आणि तिला दिसलं. तिने कळ्या खाली ठेवल्या. मशीनवर बोट फिरवत राहिली.

"कधी घालायचा हुता?"

"रविवारी. पुण्याला. पण नाही गेले तरी चालेल."

"कुनाला चालंल?"

मी मोबाईल दाखवला. त्या तीन मुलींचे फोटो, बागेतले, डब्यांभोवती पसरलेले घेर. आईने चष्मा चढवून एकेक फोटो मोठा करून पाहिला. तोंडांकडे तिचं लक्षच नव्हतं, ती शिवण बघत होती. "हिची झालर लई बारीक घेतली. ही बरी हाय." मग म्हणाली, "आदी दाखवायचं न्हाई का, बये?"

मोबाईलवरचं अर्धवट वाक्य तसंच राहिलं.

पुढच्या तीन दुपारी आम्ही दोघी मशीनजवळ बसलो. कळ्या जोडायचं काम माझं. उलट्या घरांचा काठ आईने वरून काढला आणि त्या पट्ट्या जोडून, सरळ करून कमरेचा पट्टा केला. त्या तीन कळ्या त्यामुळे तोकड्या झाल्या, म्हणून त्यांना खाली पांढऱ्या परकराच्या कापडाची झालर लावली. आता घेरावर घरं दिसत, मग पांढरं मोकळं, मग पुन्हा घरं. पारनेरच्या एसटीतून जाताना वस्ती लागते, संपते, माळ लागतो, मग पुन्हा वस्ती, अगदी तसं. माझ्या मनातल्या गावाला असा माळ नव्हता. पण बघत राहिले की तो तिथे असावा असंच वाटायला लागायचं. आत फुगवायला लेहंग्याखालच्या कॅनकॅन परकराची उरलेली जाळी होती, ती आईने चार थरांत चुणून दिली. चेन लावू दिली नाही. "चेनचा भरवसा न्हाई. नाडी कधी दगा देत न्हाई." जपानी पद्धतीच्या त्या स्कर्टला माझ्या आईची नाडी आहे.

शनिवारी दुपारी तिने तो धुऊन, जाळीसकट गच्चीवर दोरीला अडकवला. वाऱ्याने तो असा भरला की आत कुणीतरी हळूहळू गोल फिरतंय असं वाटावं. मागे पवनचक्क्या फिरत होत्या. मी जिन्यातच थांबले, कारण शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीतून बघत होत्या.

"काय वो, शाळंचं गॅदरिंग हाय का?" त्यांनी आईला विचारलं. "का बाहुलीचं लगीन?"

"लेकीचा हाय."

"एवढी घोडी झाली ती. हे घालून कुठं जानार?"

"पुण्याला," आई म्हणाली आणि झालर सरळ करत राहिली. "तुमचा परकर झालाय. घिऊन जावा."

रविवारी सकाळी मी सलवार-कुर्ता घातला आणि स्कर्ट पिशवीत भरायला घेतला. बागेत जाऊन बदलेन, असं ठरवलं होतं. नाहीतर पिशवी न उघडताच परत येईन, असंही ठरवलं होतं, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. आईने पिशवी हातातून घेतली.

"चार थर चुणल्यात मी. पिशवीत कोंबलं तर भाकरी हुईल त्याची. अंगावर घालून जा."

"आई, स्टँडवर सगळे बघतील."

"बघू दे. शिलाई सरळ हाय."

स्टँडवर सगळ्यांनी पाहिलं. मी घेर दोन्ही हातांनी धरून खाली बघत उभी होते, आणि खाली निळी घरं होती, म्हणून त्यांच्याकडेच बघत राहिले. एसटीत खिडकीची जागा मिळाली. जाळी शेजारच्या सीटवर पसरली. एक बाई चढल्या, हातात दुधाची रिकामी कॅन, थोडा वेळ त्या घेराकडे बघत उभ्या राहिल्या. मी तो ओढून घ्यायला लागले. त्यांनी तो अलगद उचलला, बसल्या, आणि पायदळी येऊ नये म्हणून स्वतःच्या मांडीवर पसरून ठेवला.

शिरूर आलं. मग त्यांनी झालरीची कड उलटी करून, अंगठ्याने चाचपून बघितली.

"पिको कुठं केलास?"

एरवी मी नुसती मान हलवली असती.

"घरी," मी म्हणाले. "आईनं केलाय. झालर तिची, वरचं मी शिवलंय. मधली घरं चुकून वर गेली होती, ती काढून पट्ट्याला लावली. हे बघा ना, इथे."

आणि मी पट्टा दाखवण्यासाठी त्यांच्याकडे वळून बसले.