वरच्या पाण्याला गेलेले हसनभाई

माणगावच्या बाजारात सर्व्हिस मोटार थांबते, तिथं मी धाकटीच्या तापाचं औषध घेऊन उभा होतो. श्रावणाचे दिवस, वर आभाळ नि खाली चिखल. मोटारीतून मुरुडचा एक ओळखीचा सुपारीवाला उतरला. मला पाहून तो नेहमीसारखा हसला नाही. छत्री न उघडताच जवळ आला आणि म्हणाला, “मास्तर, तुमचे हसनभाई गेले. वरच्या पाण्याला गेले होते, येताना ओढ्यात. काठावरची पोरं बोंबलत होती, पानी आयला, पानी आयला... पन हे हललेच नाय.” मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “लोकं बोलतात, मुद्दाम उभे राहिले.” औषधाची बाटली माझ्या हातात होती ती तशीच राहिली. हसनभाई गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आला तो राग, त्या ‘मुद्दाम’ या शब्दाचा. कारण ते का हलले नाहीत हे मला त्या क्षणीच कळलं होतं.

मी मुरुडच्या शाळेत रुजू झालो ते सत्तावीस सालच्या पावसाळ्याच्या तोंडावर. मी मूळचा घाटावरचा, समुद्र पाहून हबकलेला. हसनभाई सुपारीचे व्यापारी. चार पिढ्यांचा धंदा, बाजारात मान, आणि गावात ख्याती अशी की माणूस शिष्ट आहे. रस्त्यात हाक मारली तर वळून पाहत नाहीत, आणि बोलायला बसले तर दुसऱ्याला बोलू देत नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी मला सुपारीचे प्रकार, नबाबसाहेबांचे घोडे, मस्कतचे खजूर आणि माझ्या आधीच्या मास्तरांचं अजीर्ण या सगळ्यांवर ऐकवलं आणि मी तोंड उघडायच्या आत सलाम करून निघून गेले. मला ते मुळीच आवडले नाहीत. पण परक्या गावात एकट्या माणसाला फार निवड नसते. त्यांनी एका रविवारी विचारलं, “मास्तर, वरच्या पाण्याला येता?” आणि मी नको म्हणायचं सोडून हो म्हणून बसलो.

वरचं पाणी म्हणजे गावामागच्या डोंगरातला धबधबा. त्याला दुसरं नाव होतं, पण ते हसनभाईंनी कधी घेतलं नाही. नारळी-पोफळीची आगरं संपली की भातखाचरं, मग चढ, आणि मग रान असं दाट की भरदुपारी संध्याकाळ वाटावी. ऐन-किंजळीचे भिजून काळे पडलेले बुंधे, करवंदीच्या जाळ्या, पायाखाली शेवाळलेला कातळ. वाट अशी नव्हतीच. हसनभाई पुढे कोयत्यानं फांद्या तोडत चालत, मी मागे घसरत, शिव्या घालत. शिव्या मनात नव्हे, चांगल्या मोठ्यानं. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. एका ठिकाणी माझ्या पायाखालचा धोंडा निसटला आणि थेट त्यांच्याकडे गडगडत गेला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. ते तसेच चालत राहिले. धोंडा त्यांच्या टाचेला घासून दरीत गेला, तेव्हा कुठे ते दचकून वळले, आणि माझं उघडं तोंड पाहून त्यांचा चेहरा पडला. चोरी पकडली गेल्यावर पडतो तसा.

आम्ही धबधब्यापाशी पोचलो. तिथं बोलणं शक्यच नव्हतं. कड्यावरून पाणी असं कोसळत होतं की छातीच्या आत घुमत होतं. स्वतःचा आवाज स्वतःला येत नव्हता. आम्ही हातांनीच बोललो. भूक लागली, तिकडे बसू, भाकरी सोडा. तांदळाची भाकरी आणि सोड्यांची चटणी. मी पाहिलं, तो शिष्ट म्हणवला जाणारा माणूस तिथं लहान मुलासारखा मोकळा झाला होता. खाणाखुणा करत होता, माझी नक्कल करत होता, मी काय म्हणतोय ते शांतपणे पाहून घेत होता. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच मला बोलू दिलं.

खाली उतरताना आवाज मागे पडला तेव्हा ते एका खडकावर बसले. “मास्तर, मना ऐकू येत नाय,” ते म्हणाले. “डाव्या कानान कायच नाय, उजव्यान थोडा. वाढतच जातंय. माजे बावा पन या वयात असेच झालते.” मग म्हणाले, “वरच्या पान्याला गेलो का तुमी पन बहिरे नि मी पन बहिरा. मना बरा वाटतो.” बाजारात ते निभावून नेत होते, कारण सुपारीचा सौदा तिकडे रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून व्हायचा, तोंडानं नाही. बाकी ठिकाणी ओठांवर नजर ठेवायची, नाहीतर आपणच बोलत सुटायचं. मी विचारलं, लपवता कशाला? बहिरं होणं हा काही गुन्हा नाही. तर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मास्तर झालो तरी मला अक्कल नाही. “दोन पोरी हायत माज्या. आज्या बहिरा, बाप बहिरा. अशा घरची पोर कोन करून नेल?”

कुणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला आणि पाळला. पुढची दहा वर्षं प्रत्येक पावसाळ्यात आम्ही वरच्या पाण्याला गेलो, आणि मी त्यांचे कान झालो. मी मागून चालायचो, हातात बांबूची लांब काठी. उजव्या खांद्याला टेकवली की थांबा, पाठीला टेकवली की पटकन पुढे. मला डोंगर चढायची तेव्हाही हौस नव्हती आणि आजही नाही. गुडघे कुरकुरायचे, सर्दी आठ आठ दिवस मुक्कामाला यायची, आणि बायको म्हणायची, त्या माणसानं तुमच्यावर काय जादू केली आहे कोण जाणे. जादू काही नव्हती. मी गेलो नसतो तर ते एकटे गेले असते, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याशिवाय करमेनासं झालं होतं.

धबधब्याच्या खाली बऱ्याच अंतरावर ओढा ओलांडावा लागतो. धोका धबधब्यापाशी नव्हताच, तो इथं होता. वर डोंगरावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, आणि तो दिसायच्या आधी ऐकू येतो. दूर कुणी जातं ओढतंय अशी घरघर. ती ऐकली की पाण्यातून बाहेर पडायचं, मागे पाहायचं नाही. एकदा ते ओढ्याच्या मधोमध थांबून पाण्यातले खेकडे न्याहाळत होते आणि मला ती घरघर ऐकू आली. काठी पाठीला टेकवायलाही वेळ नव्हता, मी त्यांना ढकललंच. आम्ही काठावर पालथे पडलो आणि मागून मातकट पाणी झाडाच्या फांद्या घेऊन गेलं. ते उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, “मास्तर, तुमचे कान चांगले हायत. नाक मात्र फार गळतंय.” असा माणूस.

गेल्या वर्षी मला माणगावच्या शाळेत जागा मिळाली. निघताना मी त्यांच्या खनपटीलाच बसलो की आता कुणालातरी सांगा, कुणालातरी सोबत घ्या. थोरलीचं लग्न झालं होतं, धाकटी हलिमा राहिली होती. “हलिमाचा निकाह होऊं दे,” ते म्हणाले, “मग दवंडीच पिटवतो गावात, हसन बहिरा हाय म्हनून.” आणि मोठ्यानं हसले.

या श्रावणात त्यांच्याबरोबर गेली ती गावातलीच तीन तरुण पोरं होती. भली पोरं. ओढा आधी ओलांडून ती काठावर पोचली. हसनभाई मागे, त्यांच्याकडे पाठ करून, वर कड्याकडे बघत पाण्यात उभे. पोरांनी घरघर ऐकली. ओरडली, घसा फुटेस्तोवर ओरडली. ज्यानं वळून पाहिलं नाही तो मरायला उभा होता, असंच त्यांना वाटणार. त्यांना काय ठाऊक? मी त्यांना दोष देत नाही. पण पोरांनी जे पाहिलं ते गावानं तिखटमीठ लावून वाढवलं. धंद्यात खोट आली असेल, घरात कटकट असेल... जनाज्याला यायचंही काहींनी टाळलं. त्यांच्या धर्मात स्वतःचा जीव घेणं हे केवढं पाप, हे मी सांगायला नको.

मी मुरुडला गेलो तेव्हा दिघीहून होडीनं खाडी ओलांडताना तेच बोलणं चाललं होतं. दिलेला शब्द मेलेल्या माणसालाही लागू असतो का, याचं उत्तर मला सापडत नव्हतं. घरी हसनभाईंच्या पत्नी जैनबभाभी ओटीवर बसल्या होत्या, शेजारी हलिमा. मी काही विचारायच्या आत हलिमाच म्हणाली, “मास्तरचाचा, तुमी पेपरात लिवता ना? मग लिवा. बावाला ऐकू येत नव्हता म्हनून लिवा.” मी भाभींकडे पाहिलं. हलिमासाठी एक स्थळ बोलण्यात होतं, हे मला माहीत होतं. “पोरी, तुझं लग्न...” मी म्हणालो. तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. “लोकं बोलतात बावानी जीव दिला. त्यापरीस बहिरा होता बोलूं दे. माजा लगीन नाय झाला तरी चालंल.” भाभींनी मान खाली घातली आणि होकारार्थी हलवली.

म्हणून लिहितो आहे. हसनभाई बहिरे होते. ते मरायला उभे नव्हते. ते कड्याकडे बघत होते, कारण तिथून परत यायला त्यांना नेहमीच जड जात असे.

होडी चुकू नये म्हणून मी उठलो. भाभी उंबऱ्यापर्यंत आल्या, माझ्याकडे नीट तोंड करून उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. ओठ सावकाश, स्पष्ट हलले. आवाज मात्र आला नाही. मला वाटलं, हुंदका अडला असेल. मग ध्यानात आलं. शेजाऱ्यांची भिंत लागून. ओरडून बोललं असतं तर गावाला कळलं असतं, म्हणून इतकी वर्षं भाभी त्या घरात नवऱ्याशी नुसत्या ओठांनी बोलत आल्या होत्या.

हलिमानं त्यांच्या दंडाला हात लावला. “माय,” ती हळूच म्हणाली, “मास्तरांना ऐकू येतो.”

भाभींनी मान हलवली, आणि तेच पुन्हा बोलल्या. पुन्हा तसंच.