बाहीवरची उलटी रायफल

आमच्या कंपनीला त्या बर्फातल्या चौकीचा हुकूम आला तेव्हा मी हवालदार होतो. लान्स नायक यासीन मुजावर माझ्या प्लाटूनचा रेडिओ ऑपरेटर होता. मी आटपाडी तालुक्यातला, तो जत तालुक्यातला. फौजेत शेजारच्या तालुक्याचा माणूस म्हणजे घरचाच. चौकीचं नाव लिहीत नाही. उत्तरेकडच्या सीमेवरची, जिथे झाड उगवत नाही अशी जागा, एवढं पुरे.

वर चढण्याआधी बेस कॅम्पवर बटालियनच्या कबड्डीची फायनल झाली. यासीन आमच्या कंपनीचा रेडर होता. उंची बेताची, पण दम मोठा. समोरचे सात जण वाट बघून कंटाळायचे, तरी ह्याचं 'कबड्डी कबड्डी' चालूच असायचं. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी पाठीवर सामान बांधून वर निघालो.

चौकीवरचं काम ठरलेलं होतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर तयार उभं राहायचं. मग बुखारी, म्हणजे केरोसीनची शेगडी, पेटवायची, बर्फ वितळवून पाणी करायचं, केरोसीनचे जेरीकॅन वर ओढायचे. यासीन दर तासाला सेट तपासायचा. थंडीत बॅटरी मरते म्हणून तो ती कोटाच्या आत, छातीशी ठेवायचा. त्याला तेव्हा आठ महिन्यांची मुलगी होती. सुट्टीत एकदाच पाहिली होती.

"पाऊल किती हाय सांगू?" तो म्हणायचा. "माझ्या अंगठ्याएवढं." आणि अंगठा दाखवायचा. प्लाटूनमधल्या प्रत्येकानं तो अंगठा पाहिला होता.

मार्चमध्ये सलग बर्फ पडलं आणि मग कडक ऊन निघालं. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी दुर्बिणीतून वरचा उतार पाहिला. उताराखाली आमचा एक छोटा तंबू होता, निरीक्षणासाठी. साहेबांनी तो लगेच रिकामा करायला सांगितलं. सामान आणायला यासीन, शिपाई मल्लाप्पा पुजारी आणि शिपाई गणपत शिंदे असे तिघे सकाळी खाली उतरले. उशीर नको म्हणून भराभर गेले.

आवाज मोठा झाला नाही. कुणी ओली ताडपत्री ओढत न्यावी तसा झाला. मी मान वर केली तेव्हा उतार जागेवर नव्हता. खाली तंबू नव्हता. नुसती पांढरी धूळ होती. ती बसल्यावर सगळं सपाट दिसलं, लिंपल्यासारखं.

मी सेट उचलला.

"चार्ली टू, चार्ली टू, आवाज दे. ओवर."

काही नाही. पुन्हा हाक दिली. पुन्हा काही नाही. मग खरखर झाली.

"चार्ली टू. दबलोय. ओवर."

त्या अवस्थेतही त्यानं 'ओवर' म्हटलं.

"लागलंय का? ओवर."

"एक हात हलतोय. अंधार हाय. तोंडाफुडं जरा जागा हाय. बाकी दोघांचा आवाज न्हाई. ओवर."

मेजर साहेबांनी माझ्या हातातून सेट घेतला. "यासीन, बोलना नहीं. साँस बचाओ. सिर्फ बटन दबाओ. थोड़ी-थोड़ी देर में. समझे?"

सेटमधून 'टक्' असा आवाज आला.

आम्ही खाली धावलो. फावडी आणि लांब सळ्या घेतल्या. सळी बर्फात खुपसायची, खाली मऊ लागलं तर खणायचं. पडलेलं बर्फ भुसभुशीत नसतं. बसलं की सिमेंटसारखं होतं. त्या उंचीवर चार फावडी मारली की माणूस गुडघ्यावर येतो, म्हणून आळीपाळीनं खणायचं. एक जवान फक्त वर बघत उभा होता, दुसरी लाट आली तर ओरडायला.

सेट माझ्या गळ्यात होता. टक्. मग शांतता. मग टक्. यासीन जिवंत आहे एवढं कळत होतं. कुठे आहे ते कळत नव्हतं. पुजारी आधी सापडला. तो गेलेला होता. त्याला बाजूला निजवलं आणि पुन्हा सळ्या मारायला लागलो. रडायला वेळ नव्हता.

मी सेटवर बोलत राहिलो. मराठीतच. "आलो रं. आलो गड्या. दम धर."

यासीनचा दम मोठा म्हणून आम्हाला आशा होती. प्रत्येकजण तेच म्हणत होता. मुजावर आहे, तो दम काढेल.

मग त्यानं हुकूम मोडला. आवाज बारीक झाला होता.

"हवालदार, वर पाय वाजत्यात. ऐकू येतंय."

मेजर साहेबांनी सगळ्यांना थांबवलं. एकेका जवानाला एकेका जागी उभं करून पाय आपटायला लावलं. मी सेटवर विचारायचो, "हितं?" शांतता. दुसरा पाय आपटायचा. "हितं?" शांतता. खालच्या गोठलेल्या ओढ्याच्या अंगाला लान्स नायक सावंत उभा होता. त्यानं पाय आपटला आणि सेट वाजला. टक्, टक्, टक्.

सगळे तिथे तुटून पडलो. हातमोजे काढून हातानं उकरलं. सेट अजून दोनदा वाजला. त्यानंतर वाजला नाही. मी बोलत होतो, शिव्या देत होतो, देवाचं नाव घेत होतो. वाजला नाही.

आधी कोपर दिसलं. मग डोकं. बाहेर ओढलं तेव्हा बोट बटनावर होतं. नर्सिंग असिस्टंटनं छाती दाबायला सुरुवात केली. तो दमला तेव्हा मी दाबली. मी दमलो तेव्हा सावंतनं. मेजर साहेबांनी "बस करो" म्हटलं, तरी आम्ही थांबलो नाही. मी कपाळावर हात ठेवला. कपाळ कोमट होतं.

शिंदे बर्फ वितळल्यावर सापडला.

यासीनला गावी घेऊन मी आलो. तिरंगा त्याच्या बायकोच्या, मुमताज वहिनींच्या हातात मी दिला. मांडीवर मुलगी होती. रुबिना. तिचं पाऊल मी पाहिलं. अंगठ्याहून जरा मोठं झालं होतं.

मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता गावी डाळिंबाची बाग बघतो. वहिनींनी शिवणकामावर मुलीला वाढवलं. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. रुबिना कबड्डी खेळायला लागली, साताऱ्याच्या क्रीडा वसतिगृहात गेली आणि गेल्या वर्षी देशाच्या संघात आली. ती रेडर आहे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

परदेशातल्या मोठ्या स्पर्धेआधी खेळाच्या संघटनेनं ठरवलं की संघानं बाहीवर बिल्ला लावायचा. उलटी रायफल, तिच्यावर हेल्मेट. सीमेवर गेलेल्यांच्या स्मरणार्थ. जर्सी आधीच छापून आल्या होत्या, म्हणून बिल्ले वेगळे दिले. साताऱ्यात कार्यक्रम ठरला. पहिला बिल्ला जवानाच्या मुलीला. रुबिनानं कोचना नाही म्हणून सांगितलं. कोच म्हणाले, बिल्ला नाही तर जर्सी नाही.

वहिनींचा फोन आला. "भावजी, या. पोरगी ऐकंना."

मी जतला गेलो. रुबिना ओट्यावर बसली होती. वहिनी मशीनवर. बिल्ला मशीनच्या फळीवर पडला होता.

"काका, तुमी सांगा," रुबिना म्हणाली. "कबड्डीत सात जणी अंगावर पडत्यात. जर्सी वढत्यात. त्या रायफलीवर पाय पडणार. ते चालतं व्हय तुमाला?"

"खेळात पडतो पाय," मी म्हणालो. "त्यात अपमान न्हाई."

"आन हरले तर? परवा आमच्या हॉकीतल्या पोरीला लोकांनी काय काय म्हटलं. ती नुसती हरली हुती. मी बिल्ला लावून हरले तर काय म्हणतील? आन मुजावर नाव हाय माझं."

वहिनींनी मशीन थांबवलं.

"म्हणूनच लाव," त्या म्हणाल्या. "तुझा अब्बा बर्फात गेला. अजून बाजारात लोक इचारत्यात, तुमी मूळच्या कुठल्या? परवा दूधवाला म्हणाला, बघा, न्हाई लावणार ती. त्यांचं असंच असतंय. मी बावीस वर्षं कुणाला काय बोलले न्हाई. एकदा दिसू दे सगळ्यांस्नी."

"म्हणून मी दाखवायचं? अब्बानं दाखवलं न्हाई व्हय? अजून किती वेळा दाखवायचं, अम्मी?"

पदर तोंडाला लावून वहिनी हुंदके द्यायला लागल्या. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिरंगा घेतानाही त्या रडल्या नव्हत्या.

मी वहिनींची बाजू घेतली. "लाव पोरी," म्हणालो. "आईसाठी लाव."

रुबिनानं जर्सी आणून मशीनवर ठेवली आणि बाहेर निघून गेली. वहिनींनी बिल्ला शिवला. चारी बाजूंनी दुहेरी शिलाई मारली.

साताऱ्याच्या कार्यक्रमात टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी चौकीचं सांगायला लागलो. सळ्या, पाय आपटणं, सगळं. पाच मिनिटांत एकानं येऊन कानात सांगितलं, "साहेब, जरा जोशपूर्ण बोला." मी 'जय हिंद' म्हणून खाली बसलो.

फायनल शेजारच्या देशाशी झाली. मी वहिनींच्या घरी टीव्हीवर पाहिली. अंगणात गाव जमला होता. शेवटची रेड रुबिनाची होती. दोन गुण हवे होते. ती दोघींना शिवली, परत फिरली, तेव्हा एकीनं पाय धरला आणि दुसरीनं बाही. बाकीच्या अंगावर पडल्या. रेघेपासून तिचा हात वीतभर राहिला. कॅमेऱ्यानं तो हात दाखवला आणि मग बाहीवरची रायफल दाखवली. बराच वेळ दाखवली.

अंगण रिकामं झालं. बोलणं मोबाईलवर सुरू झालं. शहिदांचं नाव घालवलं. मुद्दाम पकडली गेली. हिचं रक्त कुठलं ते तपासा. वहिनींना मोबाईलवर वाचता येतं. त्या एक एक वाचत गेल्या. मी फोन काढून घेतला तर दुसरा कुणीतरी येऊन दाखवून गेला.

रुबिनाचा फोन लागेना. संघ मुंबईला उतरला. कोच म्हणाले, ती विमानतळावरून एकटीच निघाली. पुढचा दिवस गेला. फोन बंद. वहिनी उंबऱ्यावर बसून होत्या. जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भावजी, आताबी तसंच झालंय. आवाज येत न्हाई."

मी एवढंच विचारलं, "तसंच म्हणजे?"

"तुमीच सांगितलं हुतं की मातीच्या वेळी. त्यो बटन दाबत हुता आन मग थांबला."

मला चौकीवर जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या उंबऱ्यावर वाटली. तिथे फावडं तरी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साताऱ्याहून वसतिगृहाच्या मॅडमचा फोन आला. रुबिना त्यांच्याकडे आली होती. मी जीप घेऊन निघालो, चालवायला पुतण्या होता. ती मैदानाच्या कडेला, मॅटच्या गुंडाळ्यांवर बसली होती. तोंड सुजलेलं. जर्सी मांडीवर. बिल्ल्याच्या एका कडेला दाताचे ओरखडे होते.

"निघंना," ती म्हणाली. "अम्मीची शिलाई हाय."

मी शेजारी बसलो.

"काका, मी जतच्या गाडीत बसले हुते," ती म्हणाली. "मागच्या सीटवर दोघं माझंच बोलत हुते. मी वाईला उतरले. पुलावर गेले. मग मॅडमना फोन केला."

मी तिचा हात धरला, जीपमध्ये बसवलं आणि घरी आणलं. वाटेत एकदाही हात सोडला नाही. पुतण्याला म्हणालो, सावकाश चल.

वहिनींनी तिला छातीशी धरलं. मग आत जाऊन ब्लेड आणलं. ओट्यावर बसून एक एक टाका उसवायला लागल्या. कापड कुठे फाटू दिलं नाही.

"मॅच तू हरलीस," त्या म्हणाल्या. "त्यो न्हाई हरला. मी दोन्ही एकत्र शिवायला नको हुतं."

बिल्ला त्यांनी मला दिला. मी तो युनिफॉर्मच्या पेटीत ठेवला आहे. फेकता येत नाही.

रुबिना दोन महिने घराबाहेर पडली नाही. मग सरावाला गेली. संघात परत घेतील की नाही, अजून कळलेलं नाही.

माजी सैनिकांच्या बैठकीत मला विचारतात, सुभेदार, तुमचं मत काय? संघानं बिल्ला लावावा का? मी सांगतो, ज्याला लावावासा वाटेल त्यानं लावावा. हुकमानं लावू नये. खेळाडूच्या अंगावर जिंकण्या-हरण्याचं ओझं आधीच असतं. त्यावर आमचे मेलेले ठेवू नका. त्यांना उचलायचं काम आमचं आहे. काहींना हे पटत नाही. एकानं मला बैठकीतून उठून जायला सांगितलं. मी उठलो नाही.

मार्चमध्ये मी जतला जातो. यंदा रुबिना म्हणाली, त्या तिघांचं सांगा. बर्फाचं नको, माणसं कशी होती ते सांगा.

मी सांगितलं. मल्लाप्पा पुजारी कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावचा, मेंढरांच्या घरातला. ओझं उचलताना कानडीत आकडे मोजायचा, आम्हालाही शिकवले. गणपत शिंदे जावळीचा. चहात मीठ पडलं तरी कुणाला न सांगता पिऊन टाकायचा. स्वयंपाक्याला वाईट वाटेल म्हणून.

"आन अब्बा?"

"हसताना तोंडावर हात धरायचा," मी म्हणालो. "पुढचा दात पडला होता, कबड्डीत."

"हे मला कुणी सांगितलंच न्हाई." ती थोडी पुढे सरकली. "कुठला दात, काका?"

"वरचा. डावीकडचा."