न दिसणाऱ्या द्रव्यासाठी ढोकीला

सोलापूरहून निघालेली एसटी तुळजापुरात देवीचे भाविक उतरल्यावर निम्मी रिकामी झाली. पुढं दोन्ही बाजूंना करपलेली ज्वारी. वाटेत टायर पंक्चर झालं आणि तासभर आम्ही बाभळीखाली उभे राहिलो.

"कुणाकडं निघालीस, लेकी?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"शाळेतल्या बाईंकडं."

कशाला, ते सांगितलं नाही. मी संशोधन सोडणार होते. वडिलांची समजूत घालून मला विज्ञानाला पाठवलं ते सुमनबाईंनी. त्यांना हे पत्रानं कळवायला मन घेईना.

बाई ढोकीला साखर कारखान्याच्या चाळीत राहत. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली होती. माझा चेहरा हातानं चाचपून म्हणाल्या, "वाळलीस गं." त्यांचे यजमान तात्या कारखान्यात उसाचा रस आटवण्याच्या कामावर होते. त्यांनी भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) वाढलं.

"काय शोधतेस सध्या?" बाईंनी विचारलं.

"आकाशगंगा इतक्या वेगानं फिरतात की त्यांच्यात न दिसणारं पुष्कळ द्रव्य असलं पाहिजे. ते विश्वाच्या सुरुवातीला जन्मलं. जन्मतःच ते तापलेलं, फार वेगवान होतं असं मी धरलं. पण तसं असतं तर लहान गाठी विरून गेल्या असत्या. आधी प्रचंड ढग जमले असते, आकाशगंगा फार उशिरा झाल्या असत्या. प्रत्यक्षात त्या जुन्या दिसतात. बाई, माझी दोन वर्षं वाया गेली. मी सोडतेय हे."

तात्या म्हणाले, "रस लई गरम असला की दाणा धरत न्हाय. तसंच व्हय?"

"जवळपास तसंच."

बाई म्हणाल्या, "म्हणजे ते जन्मताना संथ असणार. हे कशावरून कळलं?"

"माझ्याच आकडेमोडीवरून."

"मग वाया कसं गेलं? वही काढ. वाच."

दुपारभर मी वाचत होते. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं. तिथं खरंच एक वर्गमूळ घ्यायचं राहिलं होतं.

निघताना संशोधन सोडण्याबद्दल कुणीच बोललं नाही. आपलं चुकलेलं गणित कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढंच मला हवं होतं, हे परतीच्या गाडीत सोलापूर येईतो उमगलं.

त्याच आकडेमोडीवरचा माझा लेख तीन पानांचा झाला. छापील प्रत ढोकीला पाठवली. महिन्याभरानं तात्यांचं कार्ड आलं : "मला इंग्रजी येत न्हाय, पण अक्षरं वळखतो. म्या एकेक अक्षर सांगतो, ही शब्द जुळवती. आज पहिलं पान झालं."