मुनवरभाईंनी बांधलेले हौदे

लोहाऱ्यात मुनवरभाईंचं वेल्डिंगचं दुकान तीस वर्षांपासून आहे. दारं-खिडक्या सगळेच करतात, पण पिकअप गाडीवर जनावरं न्यायचा लोखंडी हौदा बांधावा तो मुनवरभाईंनीच, असं आसपासच्या गावांत मानलं जायचं. "गाडी मोडंल, माझा हौदा मोडायचा न्हाय," असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

जवळच्या गावातला धुळाप्पा लग्नांत परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला, घोडी द्यायचा. त्याची मोरणी नावाची घोडी पांढरीशुभ्र आणि अंगानं भरलेली होती. बँडच्या आवाजाला ती कधी बुजली नाही. तिच्यासाठी त्यानं दोन वर्षांपूर्वी पिकअप घेतली आणि हौदा मुनवरभाईंकडून बांधून घेतला. गाडी चालवायला गावातलाच लिंबाजी होता.

गेल्या वैशाखात तामलवाडीला एक लग्न होतं. नळदुर्ग ओलांडल्यावर आडव्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर एकदम समोर आला. लिंबाजीनं ब्रेक दाबला. ट्रॅक्टर वाचला, गाडीही वाचली, पण मागं मोरणी घसरून आधी पुढं आदळली, मग उलटी मागं आली आणि बसली. लिंबाजीनं मागच्या दाराचा फाळका उघडला तेव्हा तिचा मागचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता.

जनावरांच्या डॉक्टर अर्पिता तासाभरात पोचल्या. त्यांनी पाय बघितला आणि धुळाप्पाला बाजूला घेतलं. "हाड बाहेर आलंय. घोड्याचं असं हाड जुळत नाही, मामा. तिला तसंच ठेवलं तर हालहाल होतील." धुळाप्पानं मोरणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि इंजेक्शन द्यायला मान हलवली. त्या दिवशी नवरदेव मोटारसायकलवर बसून मारुतीला गेला.

गावानं ठरवून टाकलं की लिंबाजीनं घोडी मारली. धुळाप्पानं गाडीची किल्ली काढून घेतली. लिंबाजी पारावर आला की बोलणं थांबायचं, म्हणून तो यायचाच बंद झाला.

महिन्याभरानं धुळाप्पानं गाडी मुनवरभाईंच्या दुकानी आणून लावली. "हौदा काढून टाका भाई. बाजाराचा माल भरायला साधी करून द्या." एवढं बोलून तो एसटी धरायला निघून गेला.

मुनवरभाई कटर घेऊन मागं गेले आणि फाळक्यापाशी थांबले. तळाचा पत्रा आणि फाळका यांच्यामध्ये चार बोटं फट होती. धुतलेलं पाणी आणि मूत निघून जावं म्हणून त्यांनी स्वतःच ती ठेवली होती. फटीच्या धारेला पांढरे केस चिकटलेले होते. खाली वाळलेलं रक्त होतं. मोरणी ब्रेकमुळं घसरली असेल, पण तिचा पाय मोडला होता तो या फटीत अडकून. त्यांनी फाळका लावला आणि दुकान बंद केलं.

घरी त्यांना जेवण गेलं नाही. हमिदाबींनी दोनदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं.

"लोगां तो लिंबाजी का नाव ले रैं," हमिदाबी म्हणाल्या. "तुमे कायकू बोलते?"

आठ दिवस मुनवरभाई गप्प राहिले. गाडी दुकानापुढं तशीच उभी होती आणि येणारा-जाणारा विचारत होता, "ह्याच गाडीत का हो लिंबाजीनं घोडी पाडली?" दर वेळी ते नुसतं हूं म्हणत. आठव्या दिवशी तेच कुणीतरी विचारलं आणि त्यांच्या तोंडून हूंसुद्धा निघेना. त्यांनी चप्पल घातली आणि जीप धरून धुळाप्पाच्या गावी गेले.

धुळाप्पा ओट्यावर बसला होता. शेजारी दोघं-तिघं होते. मुनवरभाई उभ्या उभ्याच बोलले. फट किती, का ठेवली, केस कुठं सापडले, सगळं सांगितलं. "लिंबाजीचा दोष न्हाय. माझा हाय."

धुळाप्पानं विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

"आठ दिस झाले."

"म्या त्या माणसाचं तोंड बघितलं न्हाय एवढे दिस. आन् तुमी आठ दिस गप बसलाव." त्याचा आवाज चढला नाही. "जावा भाई. आज जावा तुमी."

मुनवरभाई तिथून लिंबाजीच्या घरी गेले. लिंबाजीनं सगळं ऐकलं आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "ऐकलंस का? भाई, पुन्हा सांगा, हिच्या म्होरं सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं.

हौदा त्यांनी काढला नाही. दवाखान्यात जाऊन डॉक्टर अर्पितांना विचारलं की घोडा गाडीत उभा कसा राहतो. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. घोडा पाय फाकून तोल सांभाळतो, म्हणून त्याला रुंदीला जागा लागते. तोंडाची म्होरकी आखूड बांधली तर मान खाली करता येत नाही, धूळ छातीत राहते. छातीपुढं आणि मागं गादी लावलेला दांडा हवा. वारा वरून खेळावा, तोंडावर येऊ नये. मुनवरभाईंनी तीस वर्षं पोलादाचा विचार केला होता. आत उभ्या राहणाऱ्याचा केला नव्हता.

त्यांनी फट पट्टी मारून बुजवली आणि पाण्याला बोटभर भोकं पाडून वर जाळी बसवली. तळाला जाड रबरी मॅट घातली. दांड्यांना जुन्या टायरचं रबर गुंडाळून वर गोणपाट शिवलं. चढायला लांब, कमी उताराची फळी केली. मग लिंबाजीला बोलावलं.

"तू चालव. म्या मागं उभा राहतो. कशाला धरणार न्हाय."

माकणीच्या रस्त्याला लिंबाजीनं गाडी घातली. पहिल्या वळणाला मुनवरभाई हौद्याच्या भिंतीवर आदळले. मग ब्रेक लागला तेव्हा छातीच्या दांड्यानं त्यांना धरलं, पण बरगडीत कळ आली. खाली उतरून ते बराच वेळ वाकून उभे होते. लिंबाजी घाबरला. "लागलं का, भाई?"

"दांडा वीतभर वर पायजे," ते म्हणाले. "आन् तू वळणाला अजून हळू घे."

धुळाप्पानं दिवाळीनंतर दुसरी घोडी आणली. लाल रंगाची, अडीच वर्षांची. ती त्यानं लग्नांना पायी नेली, लांबच्या सुपाऱ्या सोडल्या. मुनवरभाईंचा निरोप तीनदा गेला तेव्हा एकदा येऊन त्यानं हौदा बघितला. आत चढून मॅटवर पाय घासला, दांडा हलवला, जाळीत बोट घालून बघितलं. मग गाडी घेऊन गेला, आणि चालवायला लिंबाजी बसला. आठ दिवस फळीवर खायला भरडा ठेवून लिंबाजीनं घोडीला आत चढायची सवय लावली. गाडीतून पहिल्या लग्नाला ती तेरखेड्याला गेली आणि धड परत आली. हे मुनवरभाईंना लिंबाजीनं सांगितलं. धुळाप्पा दुकानावरून जातो, रामराम घालतो, थांबत नाही.

मुनवरभाईंनी नंतर मोबाइलमधले जुने फोटो काढून बघितले. तशीच फट ठेवलेले आणखी सात हौदे त्यांनी बांधले होते. पाच गाड्या त्यांनी हुडकून काढल्या, मालकांच्या दारी जाऊन पट्ट्या मारून दिल्या. एकानं चहा पाजला, एकानं चिडून विचारलं की एवढी वर्षं झोपला होता का. सहावी गाडी भंगारात गेल्याचं कळलं. सातवी कर्नाटकात बसवकल्याणकडं कुणाला तरी विकली होती. त्या माणसाचा नंबर लागत नाही. मुनवरभाई दोनदा तिकडं जाऊन आले. तिथल्या जनावरांच्या बाजारात दिवसभर ते पिकअप गाड्यांच्या मागं जाऊन, वाकून, फाळके बघत फिरले. गाडी सापडली नाही. येत्या आठवड्यात ते पुन्हा जाणार आहेत.