पाकिटावरची गुलाबी खूण

अन्याय झाला तो मानक नगरच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या एका बाईवर. होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, निशातगंजमधल्या दातांच्या एका दवाखान्यात. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर प्रत्येकाने तो झालाच नाही असं म्हटलं. खुद्द तिनेसुद्धा. नावं देणार नाही, तिचं नाही आणि डॉक्टरचंही नाही. तिला मी काकू म्हणते.

मी तेव्हा लखनौच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. वडील हवाई दलात, म्हणून इथेच वाढले, इथेच भरती झाले आणि पस्तिशीच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडले. माजी पोलीस अधिकारी म्हटलं की लोकांना पांढऱ्या मिशा दिसतात. माझ्याकडे मिशा नाहीत, पेन्शनही नाही. पण ते प्रकरण काही डोक्यातून जात नाही.

काकूंचे यजमान ठाण्यात आले तेव्हा दिवसपाळीच्या हवालदाराने त्यांना दारातच वाटेला लावायला घेतलं होतं. "चाचा, दाँत निकलवाओगे तो सूजन तो आएगी ही." त्यांचं हिंदी ऐकून मी मराठीत विचारलं, "काका, गाव कुठलं?"

"नागपूर," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले ते एकदम खचल्यासारखे.

काकूंची दाढ काढली होती. काही दिवसांतच जबडा सुजला, सूज गळ्यापर्यंत उतरली, श्वास अडकायला लागला. मोठ्या रुग्णालयात गळ्याखाली चिरा देऊन पू काढावा लागला, म्हणून जीव वाचला. तोंड अजून नीट उघडत नव्हतं.

"तो डॉक्टर म्हणते, हिनंच घरी चूळ बरोबर नाही भरली," काका म्हणाले. "आता ही पण तेच म्हणते. रात्रंदिवस तेच. मीच चुकली, मीच चुकली."

डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा पोलिसांना लगेच दाखल करता येत नाही. आधी तज्ज्ञांचं मत लागतं, आणि ते असायलाच हवं. मी रोजनामच्यात नोंद केली, पत्र गेलं, तपासणीचं पथक नेमलं गेलं. पथकात एक दंतवैद्य बाई आणि आरोग्य खात्याचे एक ज्येष्ठ बाबू. पोलिसांच्या बाजूने मी.

दवाखाना लख्ख होता. हत्यारं वाफवायचं यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, हा समजा एक मोठा प्रेशर कुकर. तो बाहेरून चकचकीत पुसलेला. प्रत्येक हत्यार वेगळ्या सीलबंद पाकिटात. पाकिटाच्या कडेला एक बारीक खूण होती. ही काय, म्हणून मी विचारलं. दंतवैद्य बाईंनी सांगितलं, "या पाकिटांवर ती आधी गुलाबी असते. वाफ लागली की तपकिरी होते. तपकिरी दिसली की समजायचं, पाकीट वाफेतून गेलंय." मला दाखवलेली सगळी पाकिटं तपकिरी खुणेची.

"मैडम, हर पेशेंट के सामने पैकेट खोलता हूँ," डॉक्टर म्हणाले. "किसी से भी पूछ लीजिए."

मग समोसे आले. गरमागरम, प्लेटांत आधीच मांडून ठेवलेले, सोबत हिरवी चटणी. अहवाल चांगला लिहिला गेला.

परतताना जीपमध्ये त्या समोशाचा विचार आला. अचानक आलेल्या पाहुण्यांपुढे इतके गरम समोसे कसे? बाबूंना विचारलं, तर ते मनापासून हसले.

"अरे मैडम, सुबह फोन कर दिया था. किसी के यहाँ बिना बताए पहुँच जाना बदतमीज़ी होती है."

राग कशाचा आला सांगते. या माणसाने लाच घेतली नव्हती. त्याला आपण काही चुकीचं केलंय असं वाटतही नव्हतं. शहराच्या रीतीप्रमाणे तो वागला होता, शिस्तीत, अदबीने. आणि त्या अदबीपायी तपासणीची मेजवानी झाली होती. लुच्चा माणूस पकडता येतो हो. सभ्य माणसाचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी काकूंचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेले. गळ्याला पट्टी, दात एकमेकांवर मिटलेले, शब्द फटीतून यायचे.

"डॉक्टरांनी हत्यारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं का?"

"हो व, फोडलं ना. माझ्या डोळ्यासमोर फाडलं. त्याच्यात त्यायची काही चूक नाही पोरी. मीच..."

झालं. माझी मुख्य साक्षीदारच डॉक्टरच्या बाजूने उभी. पेन खिशाला लावलं होतं, पण नोकरीने एक सवय लावली होती: जे सांगून झालंय ते पुन्हा एकदा विचारायचं, वेगळ्या तोंडाने. "पाकीट दिसायला कसं होतं, काकू?"

"चांगलं होतं. कडेला गुलाबी खूण होती." मग डोळ्यांत थोडं हसू आलं. "माझ्या नखात धुळवडीचा रंग तसाच होता, निघतच नव्हता. अगदी तसाच गुलाबी. मनात म्हटलं, पहा, यांच्याकडे पण होळी झालेली दिसते."

मी पेन पुन्हा काढलं.

या वेळी पथकाला ठाण्यात बोलावलं आणि कुठे जायचं ते जीप सुटल्यावर सांगितलं. बाबूंचा हात आपसूक खिशाकडे गेला.

"बाबूजी, फोन मुझे दे दीजिए. आज की बदतमीज़ी मेरी तरफ़ से."

त्यांनी फोन दिला, आणि रस्ताभर माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

दवाखान्यात खुर्चीवर एक बाई तोंड उघडून बसलेली. मी त्यांना उठायला सांगितलं. दंतवैद्य बाईंनी खण ओढला. पाकिटंच पाकिटं, सगळी सीलबंद, सगळी गुलाबी. ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं तर आतली रबरी कडी, जिच्याशिवाय वाफ कोंडत नाही, ती गायब आणि तिथे कागदी कप रचून ठेवलेले. पेशंटला चूळ भरायला देतात ते. पंच बोलावले, पंचनामा केला, माल जप्त केला. समोसे कुणी विचारले नाहीत.

डॉक्टरांच्या चौकशीत आवाज चढवावा लागला नाही. जप्त केलेल्या पाकिटांपैकी एक पंचांसमोर टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "खोलिए. जैसे पेशेंट के सामने खोलते हैं."

त्यांनी फाडलं. टर्रकन आवाज झाला.

"निशान का रंग बताइए."

त्यांनी खुणेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "गुलाबी."

पुढचं आपणहून आलं. कडी दिवाळीआधीच फाटली होती. नवी मागवायचं राहून गेलं. हत्यारं साबणाने धुवायची, स्पिरिटने पुसायची आणि पाकिटात सील करायची. पहिल्या तपासणीची पाकिटं सकाळचा फोन आल्यावर एका मित्राच्या दवाखान्यातून आणलेली.

"फिर पैकेट में बंद ही क्यों करते थे?"

"मैडम, पेशेंट को वो आवाज़ चाहिए," ते खाली बघत म्हणाले. "आवाज़ सुनते ही भरोसा हो जाता है."

त्यांना लाज वाटत होती, हेही लिहिते. राक्षस नव्हते ते. आळशी होते, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

दवाखान्याला सील लागलं. त्या काळात खुर्चीत बसून गेलेल्यांना रक्त तपासून घ्यायला कळवलं गेलं, यासाठी मात्र मला वरिष्ठांशी भांडावं लागलं. "नाहक घबराट पसरेल" असं मला सांगण्यात आलं. घबराट नाहक कशी? तज्ज्ञांच्या मतात असं आलं की काकूंचा संसर्ग त्याच हत्याराने झाला हे खात्रीने सांगता येत नाही. विज्ञान तसं म्हणत असेल तर मला मान्य आहे. पण त्याच मतात हेही होतं की रुग्णाने निष्काळजीपणा केल्याचा कुठलाही पुरावा नाही.

ते वाक्य वाचून दाखवायला मी मानक नगरला गेले. काकू वरणात भात कालवून चमच्याच्या टोकाने तोंडात सरकवत होत्या. ऐकून चमचा खाली ठेवला.

"म्हणजे माझी चूळ बरोबर होती?"

"बरोबर होती, काकू."

त्या रडल्या. नीट रडायलाही तोंड उघडावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर म्हणाल्या, "खूण तर मला दिसली होती व. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरले विचारू कशी?"

बाबू न कळवता जायला लाजले, काकू लाजल्या, मीही पहिल्या दिवशी समोसा खाल्ला. या प्रकरणात कट नव्हता, टोळी नव्हती. होती ती फक्त सगळ्यांची भीड. आणि भिडेवर कलम लागत नाही. मी वर्दी उतरवली त्यामागे हे एक कारण होतं. आता मी बाजारात या खुणेची माहिती देणारी पत्रकं वाटते. लोक घेतात, घडी घालतात, खिशात ठेवतात. वाचत नाहीत.

म्हणून तुम्हाला थेट सांगते. पुढच्या वेळी त्या खुर्चीत मान मागे टाकण्याआधी हात पुढे करा. पाकीट मागा, फोडण्याआधी. वाफ लागल्यावर खुणेचा रंग कोणता व्हायला हवा ते बहुतेक पाकिटांवरच छापलेलं असतं. नसेल तर डॉक्टरला विचारा. चांगला डॉक्टर हसून दाखवेल. रंग बदललेला नसेल तर उठा. आणि बाहेर बाकावर बसलेल्यांनाही उठवा.